आसरांच्या डोहातली भित्री मुरी

मी एक म्हातारी मुरी आहे. मित्रांनो, मुरी म्हणजे काय ते तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, म्हणून सांगते. बोटाएवढा मासा. अंगावर तपकिरी पट्टे, तोंडाशी मिशांसारखे चार धागे, आणि राहणं कायम दगडाखाली. माणसं आम्हाला खात नाहीत, कारण खाण्याजोगं आमच्यात काही नाही. आमच्यासाठी कोणी गळ टाकून बसत नाही. बाजारात आमचा भाव कोणी विचारत नाही. आणि खरं सांगू का, त्यावाचून आमचं काही अडलंही नाही.

दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकते. मी भित्री आहे. भित्री भागूबाई म्हणा, काय हवं ते म्हणा. पाण्यावर पान पडलं तरी माझी गाळण उडते. बगळ्याची सावली दिसली की मी वाळूत अशी घुसते की नुसते डोळे बाहेर राहतात. पुढचं सगळं मी घाबरत घाबरतच सांगणार आहे, तेव्हा मध्येच थांबले तर रागावू नका.

कात्रजच्या पुढे डोंगरातून एक ओढा उतरतो. त्याच्या वरच्या अंगाला राखीव रान आहे आणि खालच्या अंगाला गाव. गाव म्हणायचं ते जुन्या सवयीनं, कारण आता ते पुण्यातच मोडतं. रानाच्या हद्दीत ओढ्याला एक डोह आहे. तो माझा डोह. त्याच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड मांडलेत. त्या साती आसरा, पाण्याच्या देवता. गावची रीत अशी की या डोहात कोणी गळ टाकायचा नाही, जाळं तर आणायचंही नाही. नवी नवरी, बाळंतीण असं कोणी कोणी यायचं आणि आसरांना हिरव्या बांगड्या वाहायचं. वाहिलेल्या बांगड्या तिथेच दगडांवर पडून राहायच्या, त्यांना कोणी हात लावायचं नाही. डोहातले मासे म्हणजे आसरांची लेकरं, असं बायका म्हणायच्या.

त्या बायकांमधल्या एक मथुराबाई. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या न चुकता यायच्या. आसरांना हळदकुंकू वाहून झालं की काठच्या सपाट दगडावर बसायच्या, मुठीत भात घ्यायच्या आणि हात मनगटापर्यंत पाण्यात घालून हलवायच्या. हातातल्या बांगड्या पाण्यात किणकिणायच्या. मग काय विचारता, सगळ्या डोहाची नुसती पळापळ. दांडवणी नावाच्या मासळ्या सगळ्यांत पुढे, सडपातळ, रुपेरी अंगाच्या, कायम घाईत. त्यांच्या मागून खवल्या, म्हणजे चपट्या अंगाच्या मासळ्या. आणि सगळ्यांत शेवटी मी.

मासा ऐकतो का, असं तुमच्यातला एखादा शहाणा विचारील. ऐकतो. सगळ्या अंगानं ऐकतो. आणि मथुराबाई माशांशी इतकं बोलायच्या की माणसांची भाषा मला आपोआप यायला लागली. लहानपणी एका खेकड्यानं माझ्या शेपटीचा कोपरा तोडला होता. त्यावरून त्या मला ओळखायच्या. "आली गं बाई माझी तुटक्या शेपटीची," असं म्हणायच्या आणि माझ्यासाठी एक शीत बोटांच्या बेचक्यात राखून ठेवायच्या. ते शीत खायला मी त्यांच्या तळहातावर चढायची. अख्ख्या आयुष्यात मी केलेलं धाडस एवढंच.

माझ्या दगडाला लागून एक दांडवण असायची. ती मला नेहमी ढुशी देऊन पुढे ढकलायची, म्हणजे चल, भात संपेल. तिची आठवण पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

एका दुपारी बांगड्या वाजल्या.

तो मंगळवार नव्हता आणि शुक्रवारही नव्हता. गावात लग्न होतं, वाजंत्री ऐकू येत होती, आणि लग्नाच्या दिवशी मथुराबाई डोहावर कशाला येतील? हे सगळं मला आता सुचतं. तेव्हा बांगड्या वाजल्या, भात पडला, दांडवणीनं ढुशी दिली आणि मी निघाले. वर जाऊन बघते तर हात मथुराबाईंचा नव्हता. मनगटावर केस होते. मनगटात काही नव्हतं, बांगड्या बोटांत धरलेल्या होत्या. आसरांच्या दगडावरच्या त्या हिरव्या बांगड्या. माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. मी उलटी फिरले, खाली झेपावले, आणि खाली वाळू नव्हती. वाळूवर मच्छरदाणीचं कापड अंथरलेलं होतं. ते चारी बाजूंनी वर यायला लागलं.

तो संपत होता, मथुराबाईंचा धाकटा मुलगा. आईच्या मांडीवर बसून लहानपणी तोही आम्हाला भात घालायचा. कोणत्या आवाजाला आम्ही येतो, हे गावात त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? कापड उचलताना त्यानं आसरांच्या दगडांकडे पाठ केली होती. म्हणजे भीती त्यालाही वाटत होती. पण तो थांबला नाही.

फुगवलेल्या पिशवीत घालून त्यानं आम्हाला स्कूटरवरून बुधवार पेठेत नेलं. तिथे एका गल्लीत यज्ञेश्वरशेठचं काचेच्या पेट्यांचं आणि शोभेच्या माशांचं दुकान होतं. शेठला हल्ली परदेशी माशांपेक्षा रानातले मासे हवे असायचे. खराडीकडची तरुण मंडळी पेटीत ओढ्यासारखी वाळू नि गोटे मांडायची आणि त्यात सोडायला ओढ्यातलेच मासे मागायची.

दुकानाबद्दल काय सांगू? चहूकडे काच. लपायला एक दगड नाही. डोक्यावर दिवा, तो कधी विझायचा नाही. मी जायची तिथे माझंच तोंड समोरून यायचं आणि मी दचकायची. माणसं काचेला नाक लावायची, टकटक करायची. एक पोरगा म्हणाला, "ब्रो, हे बघ ना, एकदम नॅचरल लुक. लोकल स्पीशीज आहे." आणि त्यानं मोबाइलवर आमचा फोटो काढला.

त्या फोटोनंच सगळं फिरलं. तो कुठून कुठे गेला कोण जाणे, पण रानातले मासे दुकानात विकतात अशी कोणीतरी तक्रार केली. दोन-तीन दिवसांत खाकी कपड्यांतला एक माणूस दुकानात आला. तो दिगंबर, वनखात्याच्या एका छोट्या कचेरीतला वनरक्षक. बरोबर श्यामसुंदर नावाचे वयस्क कारकून.

यज्ञेश्वरशेठनं चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "वा. बिबटे सापडेनात म्हणून आता मुऱ्या पकडायला निघालात. प्रगती आहे."

"रानातला मासा विनापरवाना धरायचा नाही, शेठ. विकायचा तर नाहीच," दिगंबर म्हणाला. "कुणी आणून दिले?"

शेठनं क्षणाचाही वेळ न लावता संपतचं नाव सांगितलं.

सुटले, असं मला वाटलं. मित्रांनो, भित्र्या जिवाला असं वाटलं ना, की समजावं, पुढे काहीतरी वाढून ठेवलंय.

आम्हाला दुधाच्या एका प्लास्टिकच्या कॅनमध्ये ओतलं. वाटेत पाणी हिंदकळू नये म्हणून कॅन तोंडोतोंड भरला. मग श्यामसुंदररावांनी झाकण घट्ट लावलं, त्यावर कापड बांधलं, सुतळी आवळली आणि तिच्या गाठीवर लाख ओतून शिक्का उठवला.

"अहो, जिवंत आहेत ते," दिगंबर म्हणाला.

"जिवंत असो नाहीतर दगड असो, मुद्देमाल आहे. मुद्देमाल सीलबंदच लागतो. उद्या कोर्टात विचारलं, उघडा का आणलात, तर उत्तर आपण देणार का?"

श्यामसुंदरराव दुष्ट नव्हते. त्यांनी आयुष्यभर लाकडाचे ओंडके, कुऱ्हाडी, सशाची जाळी, असल्याच वस्तू सीलबंद केल्या होत्या. त्या वस्तूंना श्वास लागत नव्हता, एवढाच काय तो फरक.

आत मिट्ट काळोख झाला. थोड्याच वेळात पाणी जड वाटायला लागलं. आम्हा मुऱ्यांना एक देणगी आहे. पाण्यात जीव उरला नाही की वर येऊन आम्हाला तोंडभर हवा गिळता येते. पण वर यायचं कुठे? झाकणाला आतून एक पोचा होता, तिथे अंगठ्याएवढा बुडबुडा अडकला होता. मी त्याला तोंड लावलं. शेजारी माझी दांडवण होती. तिला हवा गिळता येत नाही. ती मला ढुशा देत होती, नेहमीसारख्या, चल, चल. मी कुठे जाणार होते? मी बुडबुडा सोडला नाही. ढुशा हळू झाल्या आणि मग थांबल्या. तेव्हा मला जी भीती वाटली तिच्यापुढे बगळा काहीच नाही.

कचेरीत पोचल्यावर दिगंबरनं कॅनला कान लावला. आत फारशी हालचाल नाही हे त्याला कळलं. सील तोडायचा अधिकार मोठ्या साहेबांना, आणि साहेब जीप घेऊन बिबट्यामागे दुसऱ्या तालुक्यात गेलेले. दिगंबरनं गोणी शिवायचं दाभण घेतलं, समोरच्या चहावाल्याच्या शेगडीवर तापवलं आणि कॅनच्या खांद्याला भोकं पाडायला सुरुवात केली.

"दिगंबरराव, हे काय चाललंय?"

"सील शाबूत आहे, श्यामसुंदरराव. भोकं पाडू नयेत असं कुठं म्हटलंय?"

भोकांतून उजेडाच्या तारा आत आल्या आणि त्यांबरोबर हवा आली. म्हणून आमच्यातले निम्मे वाचले.

त्या कचेरीत आम्ही बरेच दिवस काढले. एक तडा गेलेली काचेची पेटी कुठूनशी मिळाली, तिचा तडा मेणानं बुजवला. पाण्यात हवा सोडायचा पंप मागवला, तर वरून उत्तर आलं की माशांसाठी तरतूद नाही. दिगंबर एका मगनं पाणी उचलून उंचावरून ओतायचा, म्हणजे बुडबुडे व्हायचे. डोंगरापासून पार खालच्या टेकड्यांपर्यंतचं रान त्याच्या एकट्याच्या अंगावर होतं. कुठे वणवा लागला, कुठे मोर जखमी झाला, की तो जायचा. मग आमचं पाणी जड व्हायचं आणि मी काचेला चिकटून त्याच्या बुटांचा आवाज येतोय का ऐकत बसायची.

एकदा त्यानं मत्स्यखात्याला फोन लावला. फोन ठेवून म्हणाला, "ते म्हणतात, रोहू-कटला असेल तर बोला. न खाण्याच्या माशांचं आम्ही बघत नाही."

"आणि आपण बघायचे ते वाघ, बिबटे, गेला बाजार मोर," श्यामसुंदरराव म्हणाले. "मग मुरी कुणाची म्हणायची?"

"सध्या माझी," दिगंबर म्हणाला आणि पाण्याचा मग भरायला गेला.

कॅनमध्ये मेलेल्यांचं काय झालं? तोही मुद्देमालच होता. त्यांना औषधाच्या पाण्यात घालून काचेची बरणी समोरच्या कपाटावर ठेवली होती. माझ्या पेटीतून ती सरळ दिसायची. त्यात माझी दांडवण उभी होती, डोळे उघडे ठेवून. आमच्यातलं आणखी कोणी गेलं की त्या बरणीत जायचं. बरणी भरत होती आणि पेटी रिकामी होत होती. मी पाठ केली तरी काचेत तीच दिसायची.

आमचं पुढं काय करायचं ते कोर्ट ठरवणार होतं. दिगंबरनं श्यामसुंदररावांना सांगितलेलं मी ऐकलं होतं. मूळची जागा कळली तर तिथेच सोडायचं. नाही कळली, तर जवळच्या पाण्यात. आणि जवळचं पाणी म्हणजे मुठा नदी. नदीत काय असतं ते मला पेटीतल्या एका खवलीकडून कळलं होतं, ती एका पुरात खाली वाहून जाऊन कशीबशी परत आली होती. काळं पाणी, तळाला चिखल, आणि चिलापी नावाच्या परक्या, खादाड माशांच्या झुंडी. आमच्यासारखं चिमूटभर काही दिसलं की चिलापी विचारत बसत नाही.

जागा एकट्या संपतला ठाऊक होती. आणि संपतनं जबाब दिला होता, की बाजारात एका अनोळखी माणसाकडून मासे घेतले, कुठले ते माहीत नाही.

एक दिवस कसल्याशा सहीसाठी संपतला बोलावलं होतं. बरोबर मथुराबाई आल्या होत्या. दुकानातल्या माशांची काहीतरी भानगड आहे, एवढंच त्यानं आईला सांगितलं होतं. दिगंबर बाहेर गेलेला, श्यामसुंदरराव आतल्या खोलीत. मथुराबाई बाकावर बसल्या. त्यांना पेटी दिसली.

"ह्येच का ते मासं?"

त्या उठल्या, पेटीशी आल्या, वाकल्या. आम्ही सगळे एका फुटक्या कौलाखाली दडलेलो. त्यांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी बरोबर आणलेला जेवणाचा डबा उघडला, मुठीत भात घेतला आणि हात पाण्यात घातला. बांगड्या वाजल्या.

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली सांगू? याच आवाजानं आम्हाला एकदा दगा दिला होता. या आवाजामागून कापड आलं होतं, काच आली होती, काळोख आला होता. माझी पाचावर धारण बसली. मी कौलाच्या आणखी आत सरकले. खवल्याही हलल्या नाहीत. बांगड्या पुन्हा वाजल्या, आणि या वेळी पाण्यात वास आला. हळदीचा, चुलीच्या धुराचा, त्यांच्या हाताचा. संपतच्या हाताला तो नव्हता. मला ढुशी द्यायला आता कोणी नव्हतं. मी माझी मीच निघाले, आणि त्या तळहातावर चढले.

तो हात एकदम थिजला.

"तुटक्या शेपटीची," मथुराबाई इतक्या हळू म्हणाल्या की ते फक्त मला आणि संपतला ऐकू आलं. मागून खवल्या आल्या, उरलेल्या दोन दांडवणी आल्या. सगळे त्या हाताभोवती जमलो.

त्या संपतकडे वळल्या. "आसरांच्या दगडावरल्या बांगड्या कुणी नेल्या म्हून मी गावभर इचारत फिरले. घरातच इचारायचं ऱ्हायलं."

संपत पंख्याकडे बघत होता.

"डोहातलं म्हून सांगितलं तर काय हुईल?"

"रानाच्या हद्दीतला गुन्हा लागंल, आये. केस पक्की. मग सुटका न्हाई." त्यानं हात जोडले. "तू काय बोलू नगंस. तुझ्या पाया पडतो."

त्यांनी हात बाहेर काढला. मला खाली पाण्यात सोडलं, पदरानं बोटं पुसली आणि डबा बंद करून त्या बाहेर निघून गेल्या. श्यामसुंदररावांच्या खोलीकडे त्यांनी पाहिलंही नाही. आई कोणाची झाली तरी आधी आपल्या पोराचीच, हे मला कळत होतं. कळत होतं म्हणून भीती कमी होत नाही.

मग हुकूम आला. मूळ ठिकाण अज्ञात, सबब मासे जवळच्या नैसर्गिक पाण्यात सोडावेत.

त्या दिवशी जीपमध्ये डिझेल नव्हतं. दिगंबरनं तोच भोकं पाडलेला कॅन घेतला, आम्हाला त्यात भरलं आणि सगळे रिक्षानं नदीवर आले. श्यामसुंदरराव पंचनामा करायला. संपत आरोपी म्हणून सही करायला. मथुराबाईंना कोणी बोलावलं नव्हतं, पण त्या आल्या होत्या.

नदी दिसायच्या आधी तिचा वास आला. भोकातून मी पाहिलं. पाण्यावर फेस तरंगत होता, निर्माल्याच्या पिशव्या काठाला लागल्या होत्या. काळ्या पाण्यात काहीतरी मोठं वळवळलं आणि पुन्हा खाली गेलं. दिगंबर बराच वेळ कॅन हातात धरून नुसता उभा राहिला.

"हुकूम आहे, दिगंबरराव," श्यामसुंदरराव म्हणाले. नेहमीसारखे कोरडे बोलले नाहीत, हे मला जाणवलं.

दिगंबरनं झाकण काढलं आणि कॅन कलता केला. आम्ही एकमेकांवर आदळत तोंडाशी घसरलो. नदीचे शिंतोडे आत आले. तेवढ्यात कॅनच्या कडेवर एक हात आला. हिरव्या बांगड्यांचा. मथुराबाईंनी कड घट्ट धरली होती. त्या बोलत नव्हत्या, पण त्यांचे ओठ हलत होते. शब्द यायचाच काय तो बाकी होता.

आणि तो शब्द त्यांना बोलावा लागला नाही. पाठीमागून संपत म्हणाला, "सायेब, थांबा. आमच्या डोहातलं हायेत. मीच धरलं."

मथुराबाईंनी मान वळवून मुलाकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते कॅनमध्ये माझ्या अंगावर पडलं. आईला आपल्याविरुद्ध तोंड उघडायला लागू नये, म्हणून त्यानं आधी उघडलं. एवढं तरी त्यानं केलं.

"आज आठवलं होय?" दिगंबर म्हणाला. मग कॅन सरळ केला आणि झाकण लावलं. "श्यामसुंदरराव, पंचनामा फाडा. मूळ ठिकाण ज्ञात झालं."

कात्रजपर्यंत आम्ही बसनं गेलो, दिगंबरच्या मांडीवर. कंडक्टर कॅनकडे बघून म्हणाला, "पाण्याला तिकीट नाही. सांडलं तर मात्र आपणच पुसायचं." पुढे रिक्षा, पुढे पायवाट. भोकातून रानाचा वास आला तेव्हा मी थरथरायला लागले. पेटीतले दिवस इतके अंगात मुरले होते की घरचा वाससुद्धा खोटा वाटत होता.

डोहात सोडल्यावर मी थेट माझ्या दगडाखाली गेले. शेजारची जागा रिकामी होती. मी पुष्कळ रडले असते, पण पाण्यात राहणाऱ्याला ती सोय नाही.

वर माणसं बोलत होती. "मी एकटा, रान एवढं," दिगंबर म्हणत होता. "इथं राखण ठेवायला माझ्याकडे माणूस नाही, मावशी. साधी पाटी मागितली तीही आलेली नाही. उद्या दुसरा कुणी बांगड्या वाजवत आला तर?"

"राखणीला माणूस हाय," मथुराबाई म्हणाल्या आणि त्यांनी संपतकडे बोट केलं. "आणि दुसरं माझं मी बघते."

संपतला अजून कोर्टाच्या तारखा पडतात. उरलेल्या वेळी तो डोहाच्या वरच्या वाटेवर बसलेला असतो. दुसरं म्हणजे काय, ते मला पुढच्या मंगळवारी कळलं.

मथुराबाई आल्या. आसरांपुढे त्यांनी नव्या बांगड्या ठेवल्या. सपाट दगडावर बसल्या आणि हात पाण्यात घालून हलवला. तोच आवाज, तोच वास. हा हात खरा, हे मला आता माहीत होतं. मी निघाले. जवळ पोचले, आणि त्यांनी दुसऱ्या हातानं एक खडा उचलून माझ्या रोखानं टाकला.

मी जीव घेऊन पळाले. काही कळेना. पुन्हा बांगड्या वाजल्या, एक खवली गेली. पुन्हा खडा. त्या नेम चुकवून टाकत होत्या, पण टाकत होत्या. "पळा," त्या म्हणत होत्या. "बांगड्या वाजल्या की पळायचं. माझ्या असल्या तरी पळायचं. मीच तुमास्नी लाडावलं, मीच तुमची भीती घालवली. आता भ्या, माझ्या बायांनो. भ्यालात तरच ऱ्हाल." पदराचा बोळा तोंडाशी धरून त्या खडे टाकत राहिल्या. मंगळवारी आल्या, शुक्रवारी आल्या, कितीतरी वेळा आल्या, आणि शेवटी एक दिवस असा आला की बांगड्या वाजल्या आणि डोहातून कोणीही वर गेलं नाही. मग त्या बराच वेळ रिकाम्या पाण्याकडे बघत बसल्या.

आता त्या येतात तेव्हा एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या दाबून धरतात, वाजू नयेत म्हणून. भात आणत नाहीत. मी दगडाखालून त्यांचे पाय बघते. जावंसं फार वाटतं. जात नाही.

मित्रांनो, तुम्ही कधी एखाद्या ओढ्यावर गेलात आणि तुम्हाला एकही मासा दिसला नाही, तर खट्टू होऊ नका. आम्ही असतो. आम्हाला बोलावू नका, पिशवीत घालू नका, काचेमागे सजवू नका. आमच्यासाठी कायदा आहे म्हणे, पण तो चालवायला एक दिगंबर आहे आणि एक भोकं पाडलेला कॅन आहे. बाकीची राखण आमच्या भीतीवरच आहे. तेवढी आम्हाला राहू द्या. ती शिकवताना एक आई फार रडली आहे.